आईला शॉक द्यायचे का, आणि दिल्यावर पुढे काय

पत्र: आईचं वय ६१. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. आई आणि धाकटा भाऊ गावी असतात. मी अंबडला कंपनीत कामाला, राहायला सिडकोत. पाच महिन्यांपासून आई गप्प गप्प आहे. आधी झोप गेली, मग जेवण. आता दिवसभरात अर्धी भाकरीही जात नाही, वजन ११ किलोंनी उतरलंय. ‘माझ्या पापामुळे बाग गेली, माझी आतडी सडलीत, मला अन्न कशाला घालता’ असं म्हणत बसते. दोन वेगवेगळ्या गोळ्या दीड-दोन महिने देऊन झाल्या. नाशिकच्या डॉक्टरांनी आता ईसीटी, म्हणजे शॉक, सुचवलेत. सहा ते आठ म्हणतात. मामा म्हणतात, शॉकनं माणूस कायमचा खुळा होतो, छाटणी उरकू द्या, मग बघू. आईला बीपी आणि शुगर आहे. शॉकनं खरंच फरक पडतो का? ती आम्हाला विसरेल का? — एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर: पत्र वाचून निदान करता येत नाही आणि करूही नये. पण तुम्ही जे लिहिलंय, म्हणजे अन्न सुटणं, झपाट्यानं वजन उतरणं, पापाची आणि सडलेल्या आतड्यांची पक्की खात्री, दोन औषधांनी फरक न पडणं, हे सगळं एकत्र आलं की मानसोपचारतज्ज्ञाच्या मनात ईसीटीचा विचार येतोच, आणि यायलाच हवा. या आजाराला भ्रमासह तीव्र नैराश्य म्हणतात. ईसीटीचा सर्वांत चांगला उपयोग होतो तो नेमका यातच. त्यामुळे छाटणीपर्यंत थांबण्याचा सल्ला आम्हाला मान्य नाही. मात्र शॉकनं आई बरी झाली म्हणजे काम संपलं, असं समजलात तर तिथेच घात होतो. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय, तो भाग मामांनाही वाचायला द्या.

आधी फरक पडतो का ते. ब्रिटनमध्ये पूर्वी काही चाचण्या झाल्या, त्यांत अर्ध्या रुग्णांना भूल देऊन खरा उपचार दिला आणि अर्ध्यांना नुसतीच भूल. आपल्याला काय मिळालं हे रुग्णाला माहीत नसे. अशा सहा चाचण्या एकत्र तपासणारा आढावा २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. खरा उपचार मिळालेल्यांचं नैराश्य स्पष्टपणे जास्त कमी झालं होतं. त्याच आढाव्यात गोळ्यांशी तुलना होती, तिथेही ईसीटी वरचढ ठरली. त्या सहा चाचण्यांतले रुग्ण मिळून अडीचशेच्या आसपास होते आणि चाचण्या जुन्या होत्या, हा आक्षेप रास्त आहे. पण २००१ च्या एका अमेरिकी अभ्यासात २५३ रुग्ण होते. उपचार पूर्ण करणाऱ्यांपैकी भ्रम असलेले ९५ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले, भ्रम नसलेले ८३ टक्के. रोजच्या दवाखान्यात आकडे इतके चढे येत नाहीत, तरी कल कोणत्या बाजूला आहे ते कळतं. उलट, दोन औषधं हरल्यावर तिसरं बदलून पाहिलं तर किती जण पूर्ण बरे होतात? अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या पाहणीत हे प्रमाण सुमारे १४ टक्के निघालं. तिसऱ्या गोळीचा गुण दिसायला आणखी दीड महिना जाणार. न जेवणाऱ्या बाईकडे तेवढा वेळ नसतो.

केटामाइन या भुलेच्या औषधानं नैराश्य बरं होतं, असं कुणी ना कुणी सांगेलच. २०२३ सालच्या एका मोठ्या अभ्यासात ते ईसीटीपेक्षा कमी ठरलं नाही, हे खरं आहे. पण त्यात भ्रम असलेले रुग्ण घेतलेच नव्हते, म्हणून तो निष्कर्ष तुमच्या आईला लावता येत नाही. डोक्यावर बाहेरून चुंबकीय लहरी देण्याच्या उपचारासाठी चार ते सहा आठवडे जवळजवळ रोज जावं लागतं आणि भ्रमाच्या नैराश्यात त्याचा भरवसा कमी. तो आत्ता बाजूला ठेवा.

आता मामांच्या भीतीबद्दल. ही भीती उगाच आलेली नाही. १९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बीनी या डॉक्टरांनी हा उपचार पहिल्यांदा केला. पुढे कित्येक वर्षं तो भूल न देताच होत असे. चौघं-पाच जण रुग्णाला धरून ठेवत आणि झटक्यांच्या जोरानं मणकेसुद्धा मोडत. सिनेमात दिसतं ते तेच. आपल्याकडे मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि मे २०१८ पासून लागू आहे. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देणं त्यानं बेकायदा ठरवलंय. ‘साधा शॉक स्वस्तात देतो’ असं कुणी म्हणालं, तर आईला घेऊन तिथून उठा.

आजची पद्धत अशी असते. आधी तपासण्या: रक्त, सोडियम-पोटॅशियम, शुगर, किडनी, ईसीजी, आणि थायरॉइड झालेलं नसेल तर तेही. तुमच्या आईच्या बाबतीत सोडियम-पोटॅशियम महत्त्वाचं, कारण अन्नपाणी सुटलेल्या माणसात ते बिघडलेलं असू शकतं. गरज पडली तर आधी सलाइन देऊन ते ताळ्यावर आणतात, मगच भूल. हलणारा दात असेल तर आधीच सांगा. कवळी काढायचीच. आदल्या रात्री केस शॅम्पूनं धुवा आणि तेलाचा थेंबही लावू नका. खोबरेल तेलामुळे इलेक्ट्रोड त्वचेला नीट टेकत नाहीत आणि करंट हवा तसा जात नाही. नखांना रंग किंवा मेंदी असेल तर बोटावरचं ऑक्सिजनचं यंत्र चुकीचा आकडा दाखवू शकतं. बांगड्या, मंगळसूत्र घरीच काढून ठेवा.

त्या सकाळी पोट रिकामं हवं. किमान सहा ते आठ तास अन्न नाही, चहा-दूधही नाही. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील तेच धरा. ‘बिचारी काहीच खात नाही, निदान दोन बिस्किटं तरी’ असं म्हणून आजी किंवा मावशी हळूच काहीतरी भरवतात, आणि भुलेत ते फुप्फुसात जाण्याचा धोका उभा राहतो. त्या दिवशी आईजवळ कोण बसणार हे आधीच ठरवा. शुगरची गोळी उपाशीपोटी द्यायची नाही. म्हणून आईचा नंबर सकाळी पहिला लावून घ्या. बीपीची गोळी सहसा घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात, पण टेल्मिसार्टनच्या जातीची असेल तर काही भूलतज्ज्ञ त्या सकाळी टाळायला सांगतात. गोळीचं नाव घेऊन विचारा.

आत नेल्यावर हाताच्या शिरेतून झोपेचं औषध देतात, थायोपेंटोन किंवा प्रोपोफॉल. झोप लागली की एका पायाच्या घोट्याच्या वर बीपीचा पट्टा फुगवून ठेवतात. मग स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलिन देतात. पट्ट्यामुळे ते त्या पावलापर्यंत पोहोचत नाही. करंट दिल्यावर सगळं शरीर जवळजवळ निपचित पडलेलं असतं, फक्त ते एक पाऊल थरथरत असतं. डॉक्टर पाऊल आणि मेंदूचा आलेख पाहून सेकंद मोजतात. करंट जास्तीत जास्त आठ सेकंदांचा, तोही तुकड्या-तुकड्यांचा. त्यानं येणारी झटक्याची लाट साधारण २० ते ६० सेकंदांची. दातांमध्ये रबराचा ठोकळा ठेवतात, कारण कानशिलावरचा करंट जबड्याच्या स्नायूंना थेट आवळतो. तिथे सैल करणाऱ्या औषधाचं काही चालत नाही. पाच-दहा मिनिटांत श्वास स्वतःचा सुरू होतो. आई डोळे उघडेल, पण अर्धा-एक तास ‘मी कुठं आहे’ असं विचारत राहील. जवळ ओळखीचा आवाज असला की ती लवकर शांत होते.

गुण करंटचा नसतो, मेंदूत उठणाऱ्या त्या नियंत्रित झटक्याचा असतो, असं पूर्वी सांगितलं जाई. ते अर्धंच खरं निघालं. एकाच बाजूला, झटका जेमतेम येईल इतकाच करंट दिला, तर झटका येतो पण गुण फारसा येत नाही. म्हणून पहिल्या दिवशी कमी करंटपासून सुरू करून आईचा उंबरठा, म्हणजे झटका येण्यापुरता करंट, शोधतात. पुढच्या वेळी दोन्ही कानशिलांवर द्यायचं असेल तर त्याच्या दीडपट, फक्त उजव्या बाजूला द्यायचं असेल तर सहापटीच्या आसपास करंट देतात. उजव्या बाजूच्या पद्धतीत विस्मरण कमी, दोन्ही बाजूंच्या पद्धतीत गुण थोडा लवकर. आईची अवस्था जितकी घाईची, तितका डॉक्टरांचा कल दोन्ही बाजूंच्या पद्धतीकडे झुकतो. कोणती पद्धत आणि का, हा प्रश्न नक्की विचारा. नीट काम करणारे डॉक्टर त्याचं उत्तर आनंदानं देतात.

झटका नीट आला नाही, असं झालं तर दोष बहुधा गोळ्यांच्या डब्यात सापडतो. क्लोनाझेपाम, लोराझेपाम, अल्प्राझोलाम या झोपेच्या-घबराटीच्या गोळ्या आणि व्हॅल्प्रोएटसारखी फिट्सवरची औषधं झटका दाबतात. गावच्या डॉक्टरांनी झोपेसाठी दिलेली छोटी गोळी घरच्यांना औषध वाटतच नाही आणि कुणी सांगत नाही. सगळा डबा, आयुर्वेदिक पुड्यांसकट, घेऊन जा. पण या गोळ्या घरीच एकदम बंद करू नका. बऱ्याच दिवसांच्या सवयीनंतर तसं केलं तर त्यातूनच फिट येऊ शकते.

आणि तुमच्या घरी एक गोष्ट खास सांगावी लागेल. द्राक्षबागेच्या फवारणीत ऑरगॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं वापरली गेली असतील आणि आईचा त्यांच्याशी संबंध आला असेल, किंवा आईनं कधी असं काही प्यायलं असेल, तर ते भूलतज्ज्ञांना स्पष्ट सांगा. सक्सिनिलकोलिन ज्या द्रव्यानं शरीरात मोडतं, तेच द्रव्य ही विषं निकामी करतात. मग मिनिटांत उतरणारं औषध बराच वेळ उतरत नाही आणि रुग्णाला तोवर कृत्रिम श्वास द्यावा लागतो. आधी कळलं तर रक्त तपासून दुसरं औषध निवडता येतं. घरात कुणाला ऑपरेशनच्या भुलेत श्वासाचा त्रास झाला होता का, हेही आठवा. लपवण्यासारखं यात काही नाही.

शरीराला धोका किती? २०१७ मध्ये अनेक देशांची आकडेवारी एकत्र पाहिली तेव्हा एक लाख उपचारांमागे सुमारे २ मृत्यू, असं प्रमाण आलं. छोट्या ऑपरेशनच्या भुलेइतकंच म्हणायचं. झटक्याच्या वेळी नाडी क्षणभर मंदावते, मग नाडी आणि बीपी दोन्ही उसळतात. म्हणून बीपी आधी आटोक्यात हवं. नुकताच हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झालेला, मेंदूत गाठ, नेत्रपटल सुटलेलं, अशा रुग्णांत फार विचार करावा लागतो. नियंत्रणात असलेली शुगर आणि बीपी आड येत नाहीत. डोकं, जबडा, अंग दुखणं, मळमळ हे बऱ्याच जणांना होतं आणि पॅरासिटामॉलनं भागतं.

विस्मरणाचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, पण खरी भीती तीच असते. आई तुम्हाला विसरणार नाही. मुलांची नावं, स्वयंपाक, आरत्या, शिवार, हे जात नाही. जातं ते उपचाराच्या आठवड्यांतलं आणि त्याआधीच्या काही आठवड्यांतलं, कधी काही महिन्यांतलं: कोण भेटायला आलं, कुणाच्या लग्नाला गेलो, पैसे कुठे ठेवले. त्यातलं बरंच परत येतं. काही आठवणी मात्र कायमच्या जातात, आणि काही रुग्णांना ते मनापासून खुपतं. हे झाकून संमती घेणं चुकीचं आहे. नवीन गोष्टी लक्षात राहण्याची क्षमता मात्र सावरते. २०१० मध्ये ८४ अभ्यास तपासले गेले, त्यात दिसलं की घसरण मुख्यतः शेवटच्या उपचारानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत असते आणि पंधरवड्यानंतर बऱ्याच बाबतींत रुग्ण उपचाराआधीपेक्षाही बरे ठरतात. नैराश्य स्वतःच स्मरण आणि लक्ष खातं, हे त्यामागचं एक कारण.

यावर एक साधा उपाय म्हणजे दोनशेपानी वही. सुरू करण्याआधी आईला विचारून किंवा भावाकडून लिहून घ्या: लॉकरची किल्ली कुठे, सोसायटीचं कर्ज किती, कुणाकडून येणं, कुणाचं देणं, पासबुकं कुठे. मग रोज चार ओळी: आज कोण आलं, काय खाल्लं. आई नंतर वही चाळेल तेव्हा मधले आठवडे तिला पोकळ वाटणार नाहीत. या काळात सातबारा, बँक, वाटणी अशा कागदांवर तिची सही घेऊ नका.

उपचार आठवड्यात दोन किंवा तीनदा, मध्ये एक-दोन दिवस सोडून. सहा ते आठ हा अंदाज आहे, बारापर्यंतही जावं लागतं. आठांचं पॅकेज घेतलं म्हणून आठ पूर्ण करायचे, असं नसतं. दर वेळी पाहायचं, आणि सलग दोन वेळा आणखी सुधारणा दिसली नाही की डॉक्टर थांबायचा विचार करतात. सहानंतरही हालचाल नसेल तर करंट, बाजू, औषधं सगळं पुन्हा तपासायला हवं. दुसऱ्या-तिसऱ्या उपचारानंतर आई चहा मागेल, स्वतःहून वेणी घालेल. तिला विचाराल तर म्हणेल, ‘काही फरक नाही.’ फरक आधी घरच्यांना दिसतो, मग रुग्णाला. आत्ता ती जेवत नाही, म्हणून सुरुवातीचे उपचार भरती करूनच बरे. पुढचे सकाळी येऊन दुपारी घरी, असे सिडकोतून करता येतील. निफाडहून दर वेळी रिकाम्या पोटी आणायचं ठेवू नका.

बरं वाटू लागण्याचा हा काळ जपण्याचा असतो. हातापायांत जोर आधी येतो, मनातला अंधार मागाहून जातो. इतके दिवस जो विचार अंगात बळ नाही म्हणून अडला होता, तो याच काळात पुढे सरकू शकतो. शेडमधली सगळी कीटकनाशकं आजच कुलपात, किल्ली भावाच्या खिशात. महिनाभराच्या गोळ्या आईच्या हाती देऊ नका.

आता तो भाग, जिथे घरं चुकतात. ईसीटी आजार उचलून बाहेर काढते, पण धरून ठेवत नाही. २००१ च्या एका अभ्यासात बऱ्या झालेल्या रुग्णांचे तीन गट केले. नंतर फक्त बिनऔषधी गोळी मिळालेल्यांपैकी २४ आठवड्यांत ८४ टक्क्यांचा आजार उलटला. नॉरट्रिप्टिलिन ही नैराश्यावरची गोळी घेणाऱ्यांत ६० टक्के, आणि सोबत लिथियम हे मन स्थिर ठेवणारं औषधही घेणाऱ्यांत ३९ टक्के. म्हणजे सर्वांत चांगल्या गटातही दहापैकी चार, आणि औषध न घेणाऱ्यांत दहापैकी आठहून जास्त. ‘शॉकनं बरी झाली, आता गोळ्या कशाला’ हे वाक्य तुमच्या घरात कुणीतरी म्हणणारच. कदाचित आईच म्हणेल. म्हणून पहिल्या शॉकच्या आधी डॉक्टरांना विचारा: नंतरचे सहा महिने कोणतं औषध, कोणती तपासणी, आणि लक्षणं परत डोकावली तर पंधरा दिवसांनी किंवा महिन्यानं एखादा उपचार द्यायचा का? लिथियम ठरलं आणि बीपीला टेल्मिसार्टन किंवा पाणी काढणारी गोळी चालू असली तर रक्तातलं लिथियम वाढतं. दुखण्यावरच्या बऱ्याच गोळ्यांनीही तसंच होतं, जुलाब-उलट्या किंवा निर्जळी उपासानंही. पातळी ठरलेल्या तारखांना तपासावीच लागते.

संमती आईची लागते. ती आजारी आहे म्हणून तिला विचारायचं नाही, असं कायदा म्हणत नाही. समजेल अशा शब्दांत, दोन-तीनदा, डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगावं. तिला समजून ठरवणं खरोखर शक्यच नसेल, तर डॉक्टर तशी नोंद करतात आणि तिच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे कायद्यानुसार तिच्यासाठी नेमलेल्या व्यक्तीच्या, आधारानं निर्णय होतो. दिलेली संमती मधूनच मागे घेता येते. ‘तपासणीला जाऊ’ असं खोटं सांगून नेऊ नका. विश्वास एकदा गेला की पुढच्या सहा महिन्यांच्या गोळ्या कोण देणार?

खर्चाचा अंदाज लेखी घ्या: दर उपचाराचा, भूलतज्ज्ञांचा, खोलीचा वेगळा. आरोग्य विमा असेल तर मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायला त्याच कायद्यानं सांगितलंय. दिवसभराच्या उपचाराला पूर्वमंजुरी लागते का, ते आधी विचारा. खासगी झेपत नसेल तर त्र्यंबक रोडवरचं जिल्हा शासकीय रुग्णालय किंवा आडगावच्या वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय इथल्या मानसोपचार विभागात चौकशी करा. कुठेही गेलात तरी भूलतज्ज्ञ, ऑक्सिजन, सक्शन, मॉनिटर आणि शुद्धीवर येईपर्यंत बसणारी नर्स, हे आहे का ते डोळ्यांनी पाहा.

मामांना डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला सोबत न्या, त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू द्या. आणि भेट पुढच्या आठवड्यात असली तरी आईनं पाणीही सोडलं, लघवी फार कमी झाली, ती उठेनाशी झाली किंवा जीव देण्याची भाषा करू लागली, तर वाट पाहू नका. त्याच वेळी, रात्र असली तरी, कॅज्युअल्टी गाठा. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. भावालाही तो देऊन ठेवा, कारण रात्री आईजवळ तोच असतो.